हात व्हॉल्व्हवर गेला की नाही

मुर्रीत राहून इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला चिनी अभियंत्यांच्या इंग्रजीशी काय घेणं-देणं, असं कुणीही विचारेल. गाव गोंदिया शहराला खेटून. एका अंगाने शहर आत सरकत आलंय, दुसऱ्या अंगाला अजून धानाच्या बांध्या आहेत. माझ्याकडे येणारी मुलं नर्सिंगची, आयटीआयची, फार्मसीची. काही स्पर्धा परीक्षांच्या मागे लागलेली. यात चीन कुठेच नव्हता. तो आला तांदळाच्या वाटेने.

राइस मिलमध्ये तांदळाचा रंग पाहून दाणे निवडणारं एक यंत्र असतं. आमच्याकडे त्याला सरसकट सॉर्टेक्स म्हणतात. ते खरं तर एका विलायती कंपनीचं नाव, पण वनस्पती तुपाला जसं डालडा नाव पडलं तसं हे सगळ्याच यंत्रांना चिकटलं. आज त्यातली बरीच यंत्रं चीनमधून येतात; अनह्वेई प्रांतातलं हफेई शहर तर या यंत्रांच्या कारखान्यांसाठीच ओळखलं जातं. पॉलिश झालेला तांदूळ थरथरणाऱ्या फीडरवरून उतरत्या पन्हळींत सुटतो. पन्हळीच्या तोंडाशी कॅमेरे असतात. काळा, पिवळा किंवा डागी दाणा दिसला की बारीक भोकातून हवेचा झटका बसतो आणि दाणा दुसऱ्या वाटेला लागतो. उसन्या म्हणजे उकड्या तांदळाची सेटिंग वेगळी, अरव्या म्हणजे कच्च्या तांदळाची वेगळी. सेटिंग जास्त कडक झाली की चांगला तांदूळही खराब दाण्यांबरोबर बाहेर पडतो. शासनाच्या भरडाईत एक क्विंटल धानामागे ६७ किलो अरवा तांदूळ जमा करायचा असतो, त्यामुळे बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुठीवर मिलमालकाचा डोळा असतो.

या यंत्राबरोबर एक जाडजूड मॅन्युअल येतं, इंग्रजीत. लिहिणारा चिनी बोलणारा. वाचणारा घरी पोवारी, बाजारात हिंदी आणि शाळेत मराठी बोललेला. मधली इंग्रजी दोघांच्याही घरची नाही. एका मिलच्या शेठजींनी मला बोलावलं ते एवढ्याचसाठी, की ऑपरेटर म्हणून ठेवायच्या पोरांना हे पुस्तक वाचता येतं का, ते तुम्ही बघून द्या. म्हणजे परीक्षा घ्या. काम सोपं वाटलं होतं.

वाचता येतं म्हणजे काय, हे तपासणं मात्र सोपं नाही. आणि नोकरदार माणसांच्या बाबतीत हा खटाटोप चीनने जेवढ्या मोठ्या प्रमाणावर केला तेवढा क्वचितच कुणी केला असेल. आपल्याकडे त्याची फारशी चर्चा नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

चीनमध्ये विद्यापीठात इंग्रजीची सीईटी नावाची राष्ट्रीय परीक्षा आहे. तिची चौथी पातळी १९८७ पासून सुरू झाली, सहावी १९८९ पासून. आपल्या सीईटीशी तिचं फक्त नावाचं नातं. एकूण गुण ७१०, त्यात वाचनाचा वाटा ३५ टक्के. ही झाली विद्यार्थ्यांची गोष्ट. नोकरीत शिरलेल्यांसाठी वेगळी परीक्षा होती. डॉक्टर, अभियंता, संशोधक यांना वरचा हुद्दा, म्हणजे वरिष्ठ अभियंता, मुख्य वैद्य वगैरे, हवा असेल तर परकी भाषेची परीक्षा उत्तीर्ण होणं भाग होतं. बहुतेक जण इंग्रजी घेत. तीन शाखा होत्या: विज्ञान-अभियांत्रिकी, वैद्यक आणि सर्वसाधारण. प्रत्येकीत अ, ब, क अशा पातळ्या. वेळ दोन तास, गुण १००. बोलायचं नाही, ऐकायचं नाही, निबंध लिहायचा नाही. नुसते शब्द आणि नुसतं वाचन. सुरुवातीला वाक्यातल्या अधोरेखित शब्दाचा जवळचा अर्थ चार पर्यायांतून निवडायचा, मग उताऱ्यामागून उतारे.

आणि शब्दकोश बरोबर न्यायची मुभा.

हे वाचून आधी मी हसलो. शब्दसंग्रहाच्या परीक्षेत शब्दकोश! मग तो विभाग पानं किती भराभर उलटता येतात याची चाचणी होणार, दुसरं काय. पण विचार केल्यावर वाटलं, मुभा देणाऱ्याच्या डोक्यात काही चुकीचं नव्हतं. कामावरचा अभियंता अडला तर शब्दकोश उघडतोच. त्यावरून त्याला तिथे कुणी नावं ठेवत नाही. चुकलं ते हे, की शब्दकोश दिल्यावरही प्रश्न मात्र तोच ठेवला: याचा अर्थ काय. हातात शब्दकोश असलेल्या माणसाला विचारायला हवं ते पुढचं: या वाक्यात यातला कोणता अर्थ चालेल, आणि त्यावरून तू आता काय करशील.

परीक्षेवर तिथे टीका खूप झाली. परंपरेने चालत आलेली चिनी वैद्यकी करणारा वैद्य, ज्याची पोथ्यापुस्तकं जुन्या चिनीत, त्याने बढतीसाठी इंग्रजी उतारे का सोडवायचे, हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारला जात होता. शेवटी जानेवारी २०१७ मध्ये सरकारने धोरण बदललं. परकी भाषा ही सगळ्यांना सारखी लागू होणारी अट राहिली नाही. कामाला लागत असेल तर ती तपासायची की नाही, हे ज्याच्या-त्याच्या क्षेत्राने आणि संस्थेने ठरवायचं.

नुसतं वाचन तपासलं म्हणून या परीक्षेला नावं ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. उलट तेवढा भाग मला प्रामाणिक वाटतो. ज्याला इंग्रजी बोलावं लागत नाही पण इंग्रजी कागद रोज हाताळावा लागतो, त्याला वाचताच आलं पाहिजे. हाच विचार शंभर वर्षांपूर्वी आपल्या शेजारी, ढाक्यात, मायकल वेस्ट नावाच्या शिक्षणाधिकाऱ्याने मांडला होता. बंगाली मुलाला इंग्रजीची गरज मुख्यतः वाचण्यापुरती आहे, तेव्हा आधी वाचन शिकवा, असं तो म्हणे. १९२६ च्या त्याच्या बंगालमधील द्विभाषिकतेवरच्या पुस्तकात हे आहे. पुढे १९५३ मध्ये त्याने सुमारे २,००० उपयुक्त शब्दांची जी यादी काढली ती जगभर वापरली गेली. आज कुणी मला म्हणालं की वाचन हे दुय्यम, खरी इंग्रजी बोलण्यात, तर मी त्याला औषधाच्या खोक्यातला घडी केलेला कागद दाखवतो.

आता मिलमधली गोष्ट. शेठजींच्या कार्यालयात दोन तरुण बसले होते. एक बी. ए. झालेला, दुसरा आमगावकडचा, आयटीआयचा फिटर. मी मॅन्युअलमधलं एक पान दिलं. त्यात एक सूचना होती: दार उघडण्याआधी हवेचा पुरवठा बंद करा आणि नळ्यांमध्ये उरलेला दाब सोडून द्या. पहिल्याने ते पान न अडखळता वाचलं. उच्चार चांगले, स्वल्पविरामाला थांबला, पूर्णविरामाला सूर खाली आणला. म्हटलं, चल, यंत्रापाशी जाऊ, तिथे करून दाखव. तो यंत्रासमोर उभा राहिला आणि सरळ दाराच्या कडीला हात घातला.

दुसरा वाचताना दर दोन शब्दांनी थांबत होता. ‘रेसिड्युअल’पाशी तर गाडीच रुतली. “रेसि... रेसि... आता हे मले नाही समजत जी. पुढे प्रेशर आहे.” एवढं बोलून तो उठला, कॉम्प्रेसरकडून येणाऱ्या नळीवरचा व्हॉल्व्ह फिरवून बंद केला, मग खालचा निचऱ्याचा कॉक उघडून धरला. हवा सूं करून बाहेर पडली. तो दाबमापकाच्या काट्याकडे पाहत राहिला आणि काटा शून्यावर टेकल्यावरच त्याने कॉक सोडला.

“आता उघडा दार,” तो म्हणाला.

शेठजींना निकाल तिथेच मिळाला. मला मिळाला नाही. कारण मनात प्रश्न आला: या पोराने हे वाचून केलं की त्याला आधीच ठाऊक होतं? फिटर माणूस. दाबाखालच्या नळीला हात लावायचा नाही, हे आयटीआयत पहिल्याच वर्षी कानावर पडतं. ‘प्रेशर’ हा एक शब्द दिसला आणि उरलेलं त्याच्या हातांनी भरून काढलं. काम झालं, दार सुरक्षित उघडलं. पण पुढच्या पानावर त्याच्या अनुभवाच्या उलट काही लिहिलेलं असेल तर?

इथे मला त्या चिनी परीक्षेतला एक प्रश्नप्रकार आठवला, आणि माझ्या मते सगळ्या परीक्षेत तोच सर्वांत मोलाचा होता. उतारा दिलेला, खाली विधानं. प्रत्येक विधानापुढे तीन पर्याय: बरोबर, चूक, आणि उताऱ्यात दिलेलं नाही. तिसरा पर्याय दिसायला किरकोळ, पण अनुभवी माणूस हमखास तिथेच घसरतो. नवशिक्याकडे कागदाशिवाय दुसरा आधार नसतो, म्हणून तो कागदाला चिकटून राहतो. जाणकाराच्या डोक्यात मात्र दहा वर्षांचं काम असतं. विधान खरं आहे हे त्याला माहीत असतं. ते कागदावर नाही हे त्याच्या लक्षातच येत नाही. शल्यविशारदाला शस्त्रक्रियेवरचा उतारा द्या आणि शाळकरी मुलालाही द्या, ‘दिलेलं नाही’ ओळखण्यात शाळकरी मुलगा पुढे जाण्याची बरीच शक्यता आहे. मग वाचता कुणाला येतं?

मी हा प्रकार उचलला आणि थोडा बदलून मिलमध्ये फिटरवर आणि तिथल्या जुन्या माणसांवर वापरला. कागदाचे दोन रकाने केले. डावीकडे, पुस्तक काय म्हणतं. उजवीकडे, मी काय करतो. पहिलाच प्रश्न कॅमेऱ्यापुढच्या काचेचा. धुळीने काच मळली की यंत्राला चांगला दाणाही काळा दिसतो. त्या मॉडेलमध्ये काच पुसायला आतच वायपर होता. हाताने पुसायची तर यंत्र थांबवूनच, असं पुस्तक सांगत होतं. मिलमध्ये जुन्या यंत्रावर काम केलेली माणसं काच हाताने, चालू यंत्रातच, फडक्याने पुसत आलेली. डावा रकाना रिकामा सोडून तिघांनी उजवा भरला. एकाने दोन्हीकडे तेच लिहिलं. फिटरने मात्र डावीकडे हिंदीत लिहिलं, वायपरसे, आणि उजवीकडे, कपडेसे. मग पेन्सिल खाली ठेवून मला विचारलं, “मंग आता कसं करायचं जी?”

त्याला वाचता येतं, हे मला तेव्हा पटलं. अर्थ लागला म्हणून नव्हे; कागद आणि सवय यांच्यात फरक आहे हे त्याला दिसलं म्हणून. पहिल्या पोराला इंग्रजी येत नव्हती असंही नाही. त्याला वाक्य मोठ्याने वाचून दाखवायची सवय होती, वाक्य आपल्याला काहीतरी करायला सांगतंय ही सवय नव्हती. शाळेत धडा वाचून झाला की बसायचं असतं.

यंत्र बसवायला जो चिनी अभियंता आला होता, त्याच्याशी माझी जेमतेम ओळख झाली. पस्तिशीचा असावा, चष्मा, बोलायला संकोची. मी काही विचारलं की हसायचा आणि मोबाइल पुढे करायचा. त्यावर भाषांतर चालायचं. नेटवर्क गेलं की दोघेही गप्प. एकदा असंच नेटवर्क गेल्यावर मी वजनकाट्याच्या पावतीच्या मागे प्रश्न लिहून दिला. त्याने क्षणात वाचला आणि खाली नेटक्या अक्षरात उत्तर लिहिलं, काळ-वचन सगळं बरोबर. मग दिवसभर तेच चाललं. त्याची इंग्रजी डोळ्यात होती, कानात नव्हती.

आमच्या ऑपरेटरांचं नेमकं उलटं. सेन्सिटिव्हिटी, रिजेक्शन, व्हायब्रेटर, बॅकग्राउंड, सोलेनॉइड व्हॉल्व्ह, हे शब्द त्यांच्या तोंडी दिवसभर असतात. पण तेच शब्द छापलेले पाहिले की ओळखू येत नाहीत. त्या दिवशी ऑपरेटर शब्द बोलायचा, मी तो लिहायचो, अभियंता वाचायचा आणि खाली लिहायचा, मी ते वाचून दाखवायचो आणि ऑपरेटर मान डोलवायचा. दोघांनाही पुरेशी इंग्रजी येत होती. फक्त एकमेकांना जोडणाऱ्या बाजू वेगळ्या होत्या.

कारण उघड आहे. चिनी भाषा परक्या वस्तूला शक्यतो स्वतःचं नाव देते, म्हणून तिथल्या तंत्रज्ञाला इंग्रजी शब्द भेटतो तो पुस्तकातच. आपला मेकॅनिक शब्द उस्तादाकडून ऐकून घेतो. स्पेलिंगशी त्याची गाठ पडत नाही. एकच लेखी शब्दपरीक्षा दोघांना दिली तर अभियंता हुशार ठरेल आणि ऑपरेटर अडाणी. तोंडी घेतली तर निकाल पालटेल. ही अडचण फक्त आमच्या मिलची नाही. नागपूर मेट्रोच्या तीन-तीन डब्यांच्या २३ गाड्या चीनमधल्या दालियानच्या कारखान्याकडून घेतल्या, त्यांचा करार २०१६ चा. अशा प्रत्येक ठिकाणी मध्ये इंग्रजी कागद असतो आणि दोन्ही टोकांना इंग्रजी न बोलणारी माणसं.

शब्दसंग्रह मोजणाऱ्यांनीही ही गोष्ट हळूहळू ओळखली आहे. न्यूझीलंडचे पॉल नेशन हे या क्षेत्रातलं मोठं नाव. त्यांच्या चाचणीत शब्द वापराच्या क्रमाने लावलेले असतात: पहिले हजार सर्वांत नेहमीचे, मग पुढचे हजार, आणि प्रत्येक हजारातून दहा शब्द विचारायचे. मूळ चाचणीत पर्यायही इंग्रजीत. त्यामुळे शब्द माहीत असूनही पर्यायांचं इंग्रजी न कळल्याने माणूस चुकतो. म्हणून पुढे द्विभाषिक आवृत्त्या निघाल्या; शब्द इंग्रजीत, पर्याय उमेदवाराच्या भाषेत. चिनी भाषेतली आवृत्ती त्यांतलीच. मी मुर्रीत शिकवणीला येणाऱ्या मुलांसाठी त्याच धर्तीवर मराठी आणि हिंदी पर्यायांचा कागद तयार केला. ज्यांना मी वर्षभर कच्चं समजत होतो, त्यांतली काही मुलं त्या कागदावर बरीच वर आली. नर्सिंगची एक मुलगी म्हणाली, “सर, मला हे सगळं येत होतं, पण तुम्ही इंग्रजीत विचारत होता ना!”

नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातला एक आकडा शिक्षकांमध्ये खूप सांगितला जातो: मजकूर कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायचा तर त्यातले ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, म्हणजे पन्नासात एकच अनोळखी. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गोष्टीतले काही शब्द काढून तिथे निरर्थक शब्द घातले होते. ८० टक्के शब्द ओळखीचे असलेल्या गटात गोष्ट पुरेशी कुणालाच कळली नाही. हा आकडा मला मान्य आहे, पण मॅन्युअलच्या बाबतीत तो अर्धीच गोष्ट सांगतो. शंभरातले दोन अनोळखी शब्द कोणते, यावर सगळं अवलंबून. ‘सोलेनॉइड’ अडला तर ऑपरेटर बोट ठेवून विचारतो, चित्र पाहतो, काही बिघडत नाही. पण ‘अनलेस’, ‘अन्टिल’, ‘एक्सेप्ट’, ‘अदरवाइज’ हे शब्द तो अडखळल्याशिवाय ओलांडून जातो. आपण काही वगळलं हेच त्याला कळत नाही. आणि सूचनेचा सगळा अर्थ तर त्याच शब्दात असतो: काटा शून्यावर येईपर्यंत उघडू नका. ‘येईपर्यंत’ गाळा आणि वाचा.

शब्दसंग्रहाच्या आपल्या परीक्षांत हे शब्द कधीच नसतात, कारण ते सोपे समजले जातात. त्याऐवजी काय असतं ते स्पर्धा परीक्षांची पुस्तकं चाळून पाहावं. विरुद्धार्थी शब्द. समानार्थी शब्द. अनेक शब्दांबद्दल एक शब्द, तोही आज कुणी वापरत नाही इतक्या जुन्या इंग्रजीतला. ‘टू किक द बकेट’ म्हणजे मरणे, हे गोंदिया जिल्ह्यातल्या प्रत्येक कोचिंगमध्ये पाठ करून घेतलेलं असतं. ते उभ्या आयुष्यात कुठल्या कागदावर भेटेल, देव जाणे. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज पंचविशीच्या आसपास असलेली पोरं बारा वर्षं इंग्रजी शिकून बाहेर पडली आहेत. त्यांना ‘अनलेस’ येतं का, हे त्यांना कुणी विचारलेलं नाही.

मुर्रीच्या आभाळात अधूनमधून लहान प्रशिक्षण विमानं घुरघुरत जातात. जवळच्या बिरसीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली धावपट्टी आहे, तिथे आता वैमानिक घडवणारी संस्था आहे. वैमानिकांच्या इंग्रजीची कथा तर फार महागात शिकलेली. १३ नोव्हेंबर १९९३ ला चीनमधल्या उरुमचीजवळ एक प्रवासी विमान धुक्यात उतरताना कोसळलं. जमीन जवळ आल्याचा यंत्राचा इशारा इंग्रजीत वाजत होता: पुल अप. ध्वनिमुद्रणात वैमानिक आपसात चिनीत विचारतो, याचा अर्थ काय? १०२ पैकी १२ जण गेले. तीन वर्षांनी, १२ नोव्हेंबर १९९६ ला, हरियाणात चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानं आकाशात एकमेकांवर आदळली आणि ३४९ माणसं मेली. कझाक विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली आलं होतं. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत त्या वैमानिकांच्या तोकड्या इंग्रजीचाही उल्लेख आहे. यानंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने वैमानिक आणि नियंत्रकांसाठी भाषेच्या पातळ्या ठरवल्या. त्या मार्च २००८ पासून लागू आहेत.

या पातळ्या ठरवणाऱ्या परीक्षेचा एक नियम मला फार आवडतो. उच्चार, रचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद या सहा बाजू स्वतंत्र तपासतात, आणि त्यांतली जी सर्वांत कमी, तीच उमेदवाराची एकूण पातळी. सरासरी नाही. पाच बाजूंत सहावी पातळी आणि आकलनात तिसरी, तर माणूस तिसऱ्या पातळीचा, आणि विमान चालवायला किमान चौथी लागते. आपल्याकडे सरासरीची इतकी सवय आहे की हा नियम क्रूर वाटेल. पण त्या बी. ए. झालेल्या पोराला सरासरीने पास करून यंत्रावर पाठवलं असतं तर त्याच्या हाताची किंमत कुणी दिली असती?

याच्या बरोबर उलट गोष्टीतही मी तितकाच आग्रही आहे. सर्वांत कमकुवत बाजूवर निकाल लावायचा तर त्या कामाला लागणाऱ्याच बाजू मोजायच्या. ऑपरेटरचे उच्चार मोजू नयेत. त्याच्याकडून इंग्रजीत उत्तर मागू नये. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणात गावोगाव मुलांची जी वाचनचाचणी घेतात, त्यात इंग्रजी वाक्य वाचून झालं की अर्थ स्वतःच्या भाषेत सांगायचा असतो. २०२३ मध्ये १४ ते १८ वयाच्या मुलांत ५७.३ टक्के जणांना इंग्रजी वाक्यं वाचता आली आणि वाचू शकणाऱ्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश मुलांना त्यांचा अर्थ सांगता आला. म्हणजे वाचून दाखवणाऱ्या दर चार मुलांतलं एक मूल त्या बी. ए. झालेल्या पोरासारखं होतं: वाक्य तोंडातून गेलं, आत पोचलं नाही. हा फरक कळला तो उत्तर मातृभाषेत घेतलं म्हणूनच. उत्तरही इंग्रजीत मागितलं असतं तर न समजलेला आणि समजूनही सांगता न आलेला, दोघे एकाच ढिगात पडले असते.

माझ्यावर यावरून टीका होते. उत्तरं मराठीत घेता मग इंग्रजी कसली शिकवता, असं पालकच विचारतात. फी इंग्रजीची भरलेली असते, त्यांचंही चुकत नाही. त्यांना मी एवढंच सांगतो की शिकवणं वेगळं, तपासणं वेगळं. शिकवताना हवं तेवढं इंग्रजी बोलू. तपासताना मात्र मला एकच गोष्ट पाहायची आहे आणि तिच्या आड दुसरी कुठली येऊ द्यायची नाही.

तेव्हा जिल्ह्यातल्या ज्या कुणाला नोकरीसाठी इंग्रजीचा पेपर काढायचा असेल, मिल असो, दवाखाना असो, वीज केंद्र असो की पतसंस्था, त्यांना एक विनंती. तयार प्रश्नसंच विकत घेऊ नका. त्या नोकरीत पहिल्या आठवड्यात जो इंग्रजी कागद हातात पडेल तोच प्रश्नपत्रिकेला लावा. शब्दकोश घेऊ द्या. उत्तर मराठीत, हिंदीत, पोवारीत, हाताने करून, कसंही चालेल असं वर ठळक छापा. कागदात नसलेली एक तरी गोष्ट विचारा, आणि ‘दिलेलं नाही’ लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्या.